पन्नाशीनंतर वजन किती उतरवायचं? आधी आकडा नीट ठरवू

पन्नाशी ओलांडलेली बाई वजन कमी करायचं मनावर घेते, तेव्हा तिच्या डोक्यात बहुधा दोनपैकी एक आकडा असतो. एक लग्नातला: "तेव्हा मी अठ्ठेचाळीस किलोची होते." दुसरा दवाखान्याच्या भिंतीवरच्या उंची-वजनाच्या तक्त्यातला. मी ५६ व्या वर्षी दुसरा आकडा धरला. उंची ५ फूट १ इंच, वजन ७४ किलो, आणि तक्ता म्हणत होता ५५. म्हणजे १९ किलो. भाचीच्या लग्नाला चार महिने होते. रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळी नुसती फळं. सहा आठवड्यांत ४ किलो उतरलं. जिना चढताना मांड्या थरथरायला लागल्या, पुढे मूठ-मूठ केस गळाले, आणि लग्न पार पडल्यावर दोन-तीन महिन्यांत साडेपाच किलो अंगावर परत आलं.

दुसऱ्या खेपेला मी आकडा लहान केला आणि मुदत वाढवली. दीड वर्षात ६ किलो उतरलं आणि अजून परत आलेलं नाही. खाली लिहिलंय ते या दुसऱ्या खेपेचं.

वयाला दोष किती द्यायचा

आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झालं की चरबी साठण्याची जागा बदलते. आधी मांड्या आणि नितंबांवर जाणारी चरबी पोटावर आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती जमायला लागते. म्हणून वजनकाटा तोच असूनही परकराची नाडी तोकडी पडते. मधल्या वयात दर वर्षी अर्धा ते पाऊण किलो वजन वाढत जाणं सर्रास दिसतं. दहा वर्षांत पाच-सात किलो कधी चढले ते कळतही नाही.

पण "पाळी गेली आणि शरीर अन्न जाळायचंच थांबलं" हे खरं नाही. २०२१ साली २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांची मोजमापं एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास घटतो, असं त्यात दिसलं. बदलतं ते वेगळंच. स्नायू कमी होतात. मुलं मोठी झाल्यावर धावपळ थांबते. रात्री घाम येऊन झोपमोड होते, आणि अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं.

वेगाबद्दलची एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. पाच फुटांच्या आसपासच्या, फारशी अंगमेहनत नसलेल्या पन्नाशीच्या बाईची दिवसाची गरजच साधारण १५०० ते १७०० कॅलरींची असते. उंचापुरा तरुण मुलगा दिवसाला ५०० कॅलरी कापतो, तरी त्याच्या ताटात भरपूर उरतं. आपण तेवढ्या कापल्या तर ताटात कोशिंबीरच राहील. आपल्याला २५० ते ३०० कॅलरी कापणं झेपतं. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ३०० म्हणजे महिन्याला ९०००, म्हणजे किलो-सव्वा किलो. हाही कागदावरचा हिशोब. वजन उतरू लागलं की शरीर जपून खर्च करतं आणि वेग मंदावतो. तेव्हा "महिन्यात पाच किलो" ही जाहिरात आपल्या शरीराच्या गणितात बसतच नाही.

पायरी पहिली: आधी रक्त तपासा

ही पायरी बायका हमखास गाळतात, कारण स्वतःसाठी डॉक्टरकडे जाणं त्यांना जड वाटतं. तरी जा. थायरॉइडची टीएसएच, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि रक्तदाब, एवढं तरी बघून घ्या. थायरॉइड मंद असेल तर कितीही चाललात तरी थकवा जात नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची आणि नसांच्या दुखण्यावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. ती मनाने बंद करायची नाहीत, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केलंत, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. वजन उतरलं की रक्तदाबाच्या गोळीचा पूर्वीचा डोसही गरजेपेक्षा जास्त ठरू शकतो. म्हणून "मी आहार बदलतेय" हे डॉक्टरांच्या कानावर आधी घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पुढे प्रथिनांबद्दल लिहिलंय ते विचारल्याशिवाय करू नका.

काही न करता सहा महिन्यांत किंवा वर्षात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर "बरं झालं, बारीक झाले" म्हणून गप्प बसू नका. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. वजनाचं नंतर बघता येईल.

पायरी दुसरी: चार गोष्टी मोजा

नुसतं वजन मोजलं की निराशा पदरी येते, कारण तो आकडा फार हलतो. आदल्या रात्री लोणचं-पापड झाला, बद्धकोष्ठ असलं, पाणी जास्त प्यायलं, तर एका दिवसात किलोभराचा फरक दिसतो. रोज काट्यावर उभं राहून मन खाऊ नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी, सारख्याच कपड्यांत वजन करा. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, रविवारच्या चौकोनात आकडा लिहिते.

दुसरं, कंबरेचा घेर. शिवणकामाची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजा. परकराची नाडी बांधतो ती जागा बहुतेकींची याच्या खाली असते, तिथे मोजू नका. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर घेर गेला की धोका धरतात. सोपी खूण अशी की घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. माझ्या १५५ सेंटीमीटर उंचीला साडेसत्त्याहत्तर. मोजला तेव्हा ९६ होता.

घेर मोजायला मी इतका आग्रह धरते, कारण आपले कपडे आपल्याला काही सांगत नाहीत. साडी कितीही किलो सामावून घेते, गाऊन त्याहून जास्त, आणि लेगिंगला इलॅस्टिक असतं. खरं बोलतो तो ब्लाऊज. आतली माया उसवून दोनदा सैल केलेला ब्लाऊज कपाटात असेल, तर तो बाजूला काढून ठेवा. महिन्याला एकदा घालून बघा.

तिसरं, पायांची ताकद. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर फुली करून घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. कुणीतरी शेजारी असू द्या. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं, तर ते सरासरीपेक्षा कमी मानतात. मी साठीच्या आत असून माझं नऊवर अडलं. त्या दिवशी मला काट्यापेक्षा जास्त धक्का बसला.

चौथं, तुम्हाला टोचणारी एक गोष्ट. पाटावर बसून उठता येत नाही, बसची पायरी उंच वाटते, नातवंडाला घेऊन जिना चढवत नाही. जी असेल ती वहीत लिहा.

पायरी तिसरी: आकडा ठरवा

आता मुख्य काम. आजच्या वजनाचे पाच टक्के काढा. हे तुमचं पहिल्या सहा महिन्यांचं लक्ष्य. ७४ किलोला ३.७ किलो. जमलं तर सात टक्के, म्हणजे साधारण ५ किलो. बस.

"एवढंच?" असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण शरीराला हे पाच टक्के लहान नसतात. पाच ते दहा टक्के वजन उतरलं की साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) खाली येताना दिसतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत साखर काठावर असलेल्या लोकांना सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करणं एवढंच लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गुडघ्यांचं गणित तर मला तोंडपाठ आहे: शरीरावरचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. म्हणजे ४ किलो उतरले की १६ किलोंचं ओझं. तांदळाची अर्धी गोणी डोक्यावरून उतरवल्यासारखं आहे ते.

तक्त्यातला आकडा अगदी टाकून द्यायचा का? नाही. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला कमी वजनावरही मधुमेह गाठतो. ते कुठे आहोत हे कळायला वापरा, कुठे पोचायचं हे ठरवायला नको. मोठं अंतर असेल तर पाच टक्के उतरवा, तीन-चार महिने तिथेच टिका, मग पुढचे पाच टक्के. घेरासाठी सहा महिन्यांत ३ ते ५ सेंटीमीटर धरा.

आणि काहींचं लक्ष्य शून्य किलो असावं. बीएमआय पंचविशीच्या आत आहे, साखर-रक्तदाब ठीक आहे, वयाची साठी उलटली आहे, तर यंदा वजन वाढू न देणं आणि खुर्चीवरून जास्त वेळा उठता येणं हेच तुमचं ध्येय. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वजन उतरवायला घेऊच नका. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज आधीच वेगाने होत असते, आणि वजन उतरताना हाडांची घनता आणखी घटते.

पायरी चौथी: किलोऐवजी नेम धरा

किलो आपल्या हातात नसतात, नेम असतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या, सोळा सोमवार करणाऱ्या बायकांना नेम कसा पाळायचा हे शिकवावं लागत नाही. एका वेळी एकच नेम घ्या, तीन आठवडे पाळा, मग दुसरा जोडा. चेन्नईच्या संशोधकांनी केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात आहार आणि हालचाल बदलणाऱ्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. काटा हलत नाही असं वाटलं की मी हे आठवते.

माझा पहिला नेम चहाचा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी, त्याही दूध सोडून. एकदम बिनसाखरेचा चहा जमला नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला आणि चौथा कप सोडला. आता पूर्वीचा चहा सरबतासारखा लागतो.

दुसरा नेम सगळ्यात अवघड आणि माझ्या मते आपल्या पिढीच्या बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा: उरलंसुरलं पोटात न टाकणं. सगळ्यांची जेवणं झाली, पातेल्यात डावभर भाजी आहे, अर्धी पोळी आहे, वाटीभर भात आहे. अन्न टाकवत नाही, फ्रीजमध्ये ठेवायला डबा लहान मिळत नाही, मग आपणच खातो. भूक नसताना. हे रोजचे दीडशे ते दोनशे कॅलरी सहज होतात, म्हणजे आपल्याला जेवढ्या कापायच्या आहेत त्यातल्या अर्ध्याहून जास्त. मी तीन लहान झाकणाचे डबे आणले आणि जेवायला बसण्याआधी उरलेलं त्यात काढून ठेवायला लागले. सकाळी त्याच भाजीचे पराठे होतात, भाताला फोडणी बसते. कणीक भिजवतानाही एक पोळी कमी धरते. आणि स्वतः सगळ्यांबरोबर बसते, शेवटी नाही. घरच्यांना याची सवय व्हायला महिना गेला.

तिसरा नेम तेलाचा, आणि तो घरानेच मिळून करायचा. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरवा. किराणा यादीत चौघांसाठी दोन लिटर लिहा आणि वरचं आणूच नका. एक लिटर तेलात आठ हजारांहून जास्त कॅलरी असतात. चौघांत महिन्याला एक लिटर कमी झालं तर प्रत्येकाच्या वाट्याच्या दोन हजार गेल्या, आणि "माझ्यासाठी वेगळं शिजवा" म्हणायची वेळही आली नाही.

चौथा नेम कमी करण्याचा नाही, वाढवण्याचा. उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत चढतं ते मुख्यतः चरबीच्या रूपात. म्हणून प्रथिनं वाढवा. माझ्यासारख्या बाईला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास हवीत. सकाळी ५० ग्रॅम मुगाची धिरडी किंवा दोन अंडी (१२), दुपारी वाटीभर मटकीची उसळ (८-९), ज्वारीच्या दोन भाकऱ्या (१०), वाटीभर दही (५), रात्री घट्ट वरण किंवा पिठलं (७), पेलाभर दूध (६) आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे (६), एवढ्यात ती होतात. मासे, चिकन खात असाल तर आणखी सोपं. वरणाचं पाणी भातावर ओतून ती होत नाहीत.

पाचवा, ताकद. आठवड्यातून किमान दोनदा, वीस मिनिटं. खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं, लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वर नेणं. प्रत्येकी दोन फेऱ्या. नुसत्या चालण्याने दंड आणि मांड्या टिकत नाहीत, हे मला पहिल्या खेपेला महागात पडलं.

चालणं मात्र रोजच. दहा हजार पावलांच्या आकड्याने घाबरू नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. साठी-सत्तरीच्या पुढच्या सोळा हजारांहून जास्त बायकांच्या २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे ४४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २७०० पावलंवाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७५०० च्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही. आज चालता त्यात हजार पावलं मिळवा. पुढच्या महिन्यात आणखी हजार.

पायरी पाचवी: मुदत पंचांग बघून आखा

पहिली सहा महिन्यांची मुदत ठरवताना कॅलेंडर समोर घ्या. गणपती ते दिवाळी या दिवसांत माझं लक्ष्य फक्त "वाढू न देणं" असतं. मोदक खाते, फराळ करते, लाडवांचा डबा मात्र ओट्यावरून वरच्या फळीवर जातो. उतरवायचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, हवा गार असते आणि भाज्या स्वस्त असतात तेव्हा. आंबा आणि लग्नसराई पुन्हा टिकायचे महिने. आंब्याच्या दिवसांत आमरस वाटीत मोजून आणि त्या जेवणात पोळी एक कमी, एवढंच करते.

उपवासांचं स्वतंत्र बघा. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि दाण्याचं कूट. एक भरलेली ताटली चारशे कॅलरींना भिडते आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागते. उपवास सोडायला मी सांगणार नाही, मीही करते. भगर मोजून, बरोबर ताक, दही, काकडी, उकडलेलं रताळं ठेवा. आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभ्या राहू नका, तेव्हा उतरलेलं दिसतं ते बरंचसं पाणी असतं.

काटा अडला तर

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा थांबतो. माझा सात आठवडे ७०.५ वर थांबला होता. तेव्हा लगेच जेवण आणखी कमी करू नका. आधी गेल्या चार रविवारांची सरासरी त्याआधीच्या चारशी ताडून बघा. मग टेप काढा. माझा घेर त्या सात आठवड्यांत दोन सेंटीमीटरनी उतरला होता आणि खुर्चीची मोजणी चौदावर गेली होती. तिन्ही गोष्टी अडल्या असतील, तर तीन दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहा, उभ्याउभ्या तोंडात टाकलेला चिवडासुद्धा. बहुतेक वेळा जुना एखादा नेम सैल झालेला सापडतो.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली प्रत्येक भिशीत बोलणं निघतं. ती डॉक्टरांनी तपासून द्यायची औषधं आहेत, आणि काहींना खरोखर लागतात. पण त्यांच्यासोबतही प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सुटत नाही, आणि थांबवल्यावर वजन परत येण्याची शक्यता बरीच असते, हे विचारून, समजून मगच ठरवा.

सहा महिने झाले की पुन्हा चारही मोजमापं घ्या आणि रक्त तपासा. लक्ष्य गाठलं असेल तर पुढचा टप्पा आखण्याआधी दोन किलोंची पट्टी ठरवा. माझी ६७ ते ६९ आहे. रविवारी ६९ च्या वर आकडा दोनदा लागोपाठ दिसला, की मी काही नवीन करत नाही. चहाचे कप मोजते आणि ते तीन लहान डबे पुन्हा ओट्यावर काढून ठेवते.